सोड्याचं आवक रजिस्टर

आमच्या ऑफिसात ‘थंडा’ हा शब्द कोणी उच्चारत नसे. जळगावचा मे महिना, कूलरमधलं पाणी आटलेलं, टेबलाचा पत्रा हाताला चटके देतोय, तरी कोणाची हिंमत नव्हती. कारण कोपऱ्यात आवक-जावकच्या टेबलाशी भाऊ बसलेले असत. खानदेशात दर दुसरा माणूस भाऊ असतो, पण आमच्या शाखेत नुसतं भाऊ म्हटलं की तेच.

ही बंदी कशी आली ते मी डोळ्यांनी पाहिलंय. मला नोकरीला लागून जेमतेम तीन महिने झाले होते. एका साहेबांचा निरोप समारंभ होता. हार झाले, भाषणं झाली आणि साहेब मोठ्या मनाने म्हणाले, की आधी भाऊंना थंडा द्या. भाऊ उठून उभे राहिले. कोणता, म्हणून त्यांनी विचारलं. साहेब हसून म्हणाले, कोणताही चालेल.

‘कोणताही म्हणजे कोणता?’ भाऊ म्हणाले. ‘थंडं तर मढंही असतं, साहेब. ते मागवलंय का?’

समारंभाचा पार विचका झाला. साहेबांचा चेहरा उतरला, कोणीतरी खोकलं, कोणीतरी पंखा वाढवायला उठलं. मला त्या माणसाचा असा राग आला, की मी तिथल्या तिथे त्यांचं नाव माझ्या डोक्यातल्या काळ्या यादीत टाकलं. चांगल्या प्रसंगाचा बट्ट्याबोळ करणारा एक माणूस प्रत्येक ऑफिसात असतो, तो हाच, असं मी ठरवून टाकलं. आज मला राग येतो तो दुसऱ्याच माणसाचा. भाऊंच्या एका रजिस्टरात एक ओळ रिकामी राहिली होती, आणि ती राहिली माझ्यामुळे. म्हणून हे लिहायला बसलोय. गोड आठवणी वाचायच्या असतील त्यांनी दुसरीकडे जावं.

त्या दिवसापासून आमच्या शिपाई मावशी कागद-पेन्सिल घेऊन टेबलाटेबलाशी फिरू लागल्या. लेमन कोणाला, ऑरेंज कोणाला, जिरा कोणाला, साधा सोडा कोणाला. भाऊंचं उत्तर एकच असे, गोटी सोडा. तोही न फोडलेला. स्टेशनच्या बाजूला एका दुकानात तो अजून मिळायचा. मावशी ती हिरवट, गळ्याशी चिमटलेली बाटली आणत. सोबत गोटी दाबायचं लाकडी बोंडुक आणत, ते भाऊ बाजूला सारत. उजवा अंगठा बाटलीच्या तोंडावर ठेवत आणि एकदाच दाबत. टॉक. सगळ्या शाखेची मान वर होई. त्यांचा तो अंगठा चपटा आणि रुंद होता. राग आला की ते तो टेबलावर दाबून धरत. टपालावर शिक्का मारतानाही अंगठ्याचाच जोर लावत.

आणखी एक खोड. ते दारात उभं राहून काही पीत नसत. बाहेरच्या टपरीवर सगळे चहा ढोसताहेत, तर हे आपला ग्लास उचलून आत येणार, खोलीच्या मधोमध पंख्याखाली खुर्ची ओढणार, नीट बसणार आणि मग पहिला घोट घेणार. कोणी हाक मारली तर उत्तर ठरलेलं, ‘मी दारात पीत नाही.’ या वाक्याची नक्कल मी टपरीवर करून दाखवायचो. अंगठा पुढे काढून, मान ताठ करून. लोक खो खो हसायचे. माझी ती नक्कल शाखेत चांगलीच गाजली होती.

त्यांचं भांडण होतं ते नावांशी. नाव नसलेल्या किंवा भलतंच नाव असलेल्या गोष्टी त्यांना सहन होत नसत. फाइलीवर ‘किरकोळ’ लिहिलेलं दिसलं की ती परत जायची. छापील फॉर्ममध्ये शेवटी ‘इतर’ असा रकाना असतो, त्याच्यावर तर त्यांचा दातच होता. इतर म्हणजे कोण, त्यांना नावं नाहीत का, असं ते समोर उभ्या असलेल्या, काहीही दोष नसलेल्या माणसाला दरडावून विचारत. स्वतः मात्र सगळ्यांना तुम्ही म्हणत. मावशींना तुम्ही, झाडूवाल्याला तुम्ही, आवारातल्या कुत्र्याला हाकलतानाही ‘सरका, सरका’.

एकदा रावेरकडे एका केळीवाल्या बागायतदाराच्या मुलीचं लग्न होतं. ऑफिसातले आम्ही पाच-सहाजण गेलो होतो. मांडवात पोरं ट्रे घेऊन ‘थंडा, थंडा’ करत फिरत होती. मी मनात म्हटलं, आता झालं. भाऊंनी ट्रेवाल्याला थांबवून नाव विचारलं. तो बिचारा स्वतःचंच नाव सांगू लागला. भाऊ म्हणाले, तुमचं नाही, ग्लासातल्याचं. त्याला काही ते सांगता येईना. शेवटी यजमान स्वतः आले, हात जोडले आणि ऑरेंज आहे म्हणाले. भाऊंनी एक घोट घेतला आणि ते लेमन आहे असं सांगितलं. ते लेमनच निघालं. वधूपिता हसावं की रडावं अशा चेहऱ्याने उभा, आणि आमची लाजेने मान खाली. परतीच्या वाटेवर गाडीत त्यांच्याशी कोणी बोललं नाही. त्यांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

या सगळ्यावर कळस म्हणजे ते रजिस्टर. जाड पुठ्ठ्याचं, लाल कापडी पाठीचं, थेट आमच्या आवक रजिस्टरासारखं आखलेलं, पण स्वतःच्या पैशाने विकत घेतलेलं. त्यात रकाने असे: अनुक्रमांक, दिनांक, देश, नाव, नावाचा अर्थ, सांगणारा, शेरा. जगात कुठे कुठे या गॅसच्या गोड पाण्याला काय काय म्हणतात, त्याची ती नोंदवही होती. ज्याचं कोणी परदेशात असेल त्याला भाऊ गाठत. पहिल्यांदा विनंती करत, दुसऱ्यांदा आठवण देत, तिसऱ्यांदा ओरडत. आता खानदेशातली पोरं कुठे नाहीत? अमळनेरची एक मुलगी आयर्लंडमध्ये नर्स होती. तिने सांगितलं, की तिथली जुनी माणसं याला ‘मिनरल’ म्हणतात. चोपड्याच्या कोणाचा तरी जावई स्कॉटलंडात, तो म्हणाला, इथे सरसकट सगळ्यालाच ‘ज्यूस’ म्हणतात. यावर भाऊ दोन दिवस धुमसत होते. फळ नाही, रस नाही आणि ज्यूस म्हणतात, लाज कशी वाटत नाही, असं ते त्या जावयाला फोनवर विचारत होते. जणू स्कॉटलंडात पेयांची नावं पाडायचं काम त्याच्याकडेच होतं.

अमेरिकेवर तर त्यांचा फार राग. तिथे सोडा मागितला की गोड पाणी येतं, हे त्यांना पटता पटेना. आपल्याकडे सोडा म्हणजे नुसतं पाणी आणि गॅस, हवं तर वर लिंबू-मीठ. त्यातून तिथे एका भागात सोडा, दुसऱ्या भागात पॉप, आणि दक्षिणेकडे एका कंपनीचंच नाव सगळ्या बाटल्यांना. शिवाय लेमोनेड मागावं तर अमेरिकेत लिंबाचं सरबत येतं आणि इंग्लंडात गॅसवालं पांढरं पाणी. ‘पॉप’ मात्र त्यांनी माफ केलं. बूच उडताना होणाऱ्या आवाजावरून ते पडलं, असं कोणीतरी सांगितलं होतं. त्यांचं एक तत्त्व होतं. नाव चवीवरून पडलं तर ठीक, रंगावरून पडलं तर ठीक, आवाजावरून पडलं तरी ठीक. इथपर्यंत सांगून ते थांबत आणि अंगठा टेबलावर दाबत.

सगळी माहिती लिहून झाली, की प्रत्येकाला ते शेवटी एक प्रश्न विचारत. ‘तिथे पिणारा बदलला की नाव बदलतं का?’ समोरचा बुचकळ्यात पडे. म्हणजे काय, भाऊ? भाऊ प्रश्न पुन्हा तसाच विचारत, शब्द न बदलता. मग पलीकडून उत्तर येई, नाही हो, पिणारा कोणीही असो, नाव तेच. भाऊ शेऱ्याच्या रकान्यात लिहीत, ‘नाही.’ पानंच्या पानं शेऱ्यात नाही, नाही, नाही. आम्हाला वाटे, की म्हाताऱ्याचा एखादा स्क्रू ढिला आहे. सगळ्यात जास्त मला वाटे.

माझा एक मावसभाऊ जपानात आहे. भाऊंनी तीन-चारदा तगादा लावल्यावर मी त्याला विचारलं, आणि त्याने फोटोच पाठवला. काचेची बाटली, गळ्याशी चिमटलेली, आत गोटी. हुबेहूब आपली. तिथे तिला ‘रामुने’ म्हणतात, लेमोनेड या शब्दाचा जपानी जिभेवर झालेला अवतार. जत्रेत सगळे पितात, असंही त्याने कळवलं. मी फोन भाऊंच्या पुढे धरला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग ठरलेला प्रश्न विचारला, मी तो टाइप करून पाठवला, आणि उत्तर आलं, ‘नाही.’ भाऊंनी ‘नाही’ लिहिलं. त्या दिवशी ते अमेरिकेवर नाही, स्कॉटलंडवर नाही, कोणावरच ओरडले नाहीत.

शाखेत गोटी सोड्याच्या गप्पा रंगल्या. ज्याला त्याला आपलं गाव आठवलं. मीही तोंड उघडलं. आमचं मूळ गाव धरणगाव तालुक्यात. मी वाढलो जळगावात, पण सुट्टीत काकांकडे, म्हणजे नानांकडे जायचो, आणि त्यांचं सोड्याचं दुकान होतं. मी मोठ्या रुबाबात म्हटलं, भाऊ, तुमच्या रजिस्टरात नसलेलं एक नाव सांगतो. आमच्या दुकानात साध्या सोड्याशिवाय एक ‘आंगननी’ मिळायची.

भाऊंनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, नवीन नाव मिळालं म्हणून खूश झाले. म्हणून मी आणखी रंगवून सांगू लागलो. आंगननी म्हणजे अंगणातली, पण असेल काहीतरी जहाल प्रकार. ती पिणारी माणसं वेगळी असायची, रापलेली, आणि बाटली नुसत्या अंगठ्याने फोडायची. आवाज आमच्या सोड्यापेक्षा मोठा यायचा. मी सात-आठ वर्षांचा असताना हट्ट धरला होता, की मला आंगननीच पाहिजे. काकूने सणसणीत थोबाडीत मारली होती. मोठ्या माणसांचं पेय असावं ते, दारूसारखं. ही गोष्ट मी हसत हसत सांगितली. दोघं-तिघं हसलेसुद्धा.

‘दुकान टपालपेटीसमोरचं?’ भाऊंनी विचारलं. ‘मालक उंच, घारे डोळे?’

मी म्हटलं, हो, तेच माझे नाना. तुम्हाला कसं माहीत?

भाऊंनी सगळ्यांदेखत सांगितलं. आवाज अजिबात चढवला नाही. ते त्याच गावचे होते, बौद्धवाड्यातले. दहावीनंतर गाव सोडलं ते सोडलंच. आडनावावरून त्यांना माझा पत्ता लागला नव्हता, कारण आमचं आडनाव या भागात ढिगाने सापडतं. ते म्हणाले, ‘आमच्यातलं कोणी दुकानाशी आलं, की तुमचे नाना आत आवाज द्यायचे, एक आंगननी. दाराच्या डाव्या हाताला वट्याखाली एक पेटी असायची. त्यातल्या बाटल्यांच्या गळ्याला तार गुंडाळलेली. बाटली हातात देत नसत, पायरीवर ठेवत. बोंडुक मिळत नसे, ते बाटलं असतं. म्हणून अंगठा. प्यायची अंगणात उभं राहून, धुवायची आपणच, पालथी घालायची आपणच. पाणी त्याच विहिरीचं. गॅस त्याच टाकीतला. चव तीच.’ मग म्हणाले, ‘नाव तेवढं वेगळं.’

मघाशी हसलेले आपापल्या फाइलींत शिरले. माझी ती टपरीवरची नक्कल, पुढे काढलेला अंगठा, ‘मी दारात पीत नाही’, सगळं मला एकदम आठवलं आणि जमीन दुभंगावी असं वाटलं. भाऊंनी रजिस्टर उघडलं. पहिल्या पानावरची पहिली ओळ त्यांनी मोकळी ठेवली होती हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तिथे अनुक्रमांक एक टाकला. देश या रकान्यात ‘माझं गाव’ असं लिहिलं. सांगणाऱ्याच्या रकान्यात माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. नावाचा आणि अर्थाचा रकाना रिकामा ठेवला. दिनांकही टाकला नाही. शेऱ्यात पेन्सिलीने लिहिलं, ‘प्रलंबित’.

मी म्हटलं, भाऊ, नाव तर मी सांगितलं, लिहा ना. ते म्हणाले, इथे सांगून काय उपयोग. त्यांना त्या शब्दाची नोंद नको होती. इतकी वर्षं त्यांनी जगभर विचारपूस केली, पण त्यांना खरं हवं होतं ते एवढंच, की तो शब्द त्या दुकानात, लोकांच्या देखत, त्या घरातल्या कोणीतरी उच्चारावा. बौद्धवाड्यातल्या माणसाने सांगितलं तर म्हणणारे म्हणतात, तुमचं आपलं जुनंच रडगाणं. घरातल्याने सांगितलं तर काय म्हणतील?

महिन्याभराने नाना मोबाइलवर झळकले. हल्ली गोटी सोड्याची टूम निघाली आहे. जुन्या बाटलीत निळं-जांभळं पाणी भरायचं आणि आठवणी म्हणून विकायचं. कोणी एक व्हिडिओवाला आमच्या गावी पोचला होता. दुकानाला नवी पाटी, नाना पांढऱ्या टोपीत, आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणताहेत, ‘आमना आठे बठ्ठा गाव एकच बाटलीमा पिये. भेदभाव कधी व्हताच नही.’ म्हणजे सगळा गाव म्हणे एकाच बाटलीतून प्यायचा. खाली लोकांनी हजारो बदाम टाकलेले. किती छान दिवस होते, अशा प्रतिक्रिया. भाऊंनी मोबाइल माझ्या टेबलावर ठेवून तो व्हिडिओ मला दाखवला, आणि रविवारी आपण जाऊ, म्हणाले.

आम्ही माझ्या मोटरसायकलवर गेलो. भाऊंनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता. दुकानात सात-आठ गिऱ्हाइकं होती, तालुक्याहून खास आलेली पोरंपोरी. भाऊ दार ओलांडून आत गेले, मधली खुर्ची घेतली आणि बसले. त्या दुकानात ते आयुष्यात पहिल्यांदा आत बसत होते, हे त्या वेळी फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. नानांनी त्यांना ओळखलं नाही. माझ्यासोबतचा माणूस म्हणून चांगली सरबराई केली आणि ब्लूबेरी देऊ, काला खट्टा देऊ की जिरा, असं विचारलं.

‘आंगननी,’ भाऊ म्हणाले.

नाना खळखळून हसले. ‘ते काय ऱ्हास, भो? आसं काही नही व्हतं आमना आठे.’

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. ‘तुम्ही सांगा. तुम्हीच मला सांगितलंत ना?’

सगळं दुकान माझ्याकडे बघत होतं. समोर वडिलांचे थोरले भाऊ, ज्यांच्यासमोर आमच्या घरात कोणी वर तोंड करून बोललेलं नाही. मी म्हणालो, ‘मी लहान होतो, भाऊ. नीट आठवत नाही.’

हे वाक्य मी आजवर किती वेळा मनात घोळवलं असेल याची गणती नाही. दरवेळी त्या माणसाला, म्हणजे मला, कानाखाली काढावीशी वाटते. आठवत नाही? काकूच्या पाच बोटांसकट आठवत होतं. मी नानांना भ्यालो असं सांगून सुटलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. पण खरं तर मी त्या बसलेल्या पोरापोरींनाही भ्यालो. आपल्या घराण्याकडे ते कसे बघतील, याला भ्यालो. नानांनी भाऊंच्या हातात साधा सोडा दिला, वर बोंडुकही दिलं. भाऊंनी बाटलीला अंगठा लावला नाही. उठले, खुर्ची पुन्हा जागेवर सारली आणि बाहेर येऊन गाडीशी उभे राहिले. जळगावला घराशी उतरल्यावर म्हणाले, गाडी सावकाश नेत जा.

साहेबावर ओरडणारा, वधूपित्याची लाज काढणारा, अख्ख्या अमेरिकेला शिव्या घालणारा तो माणूस माझ्यावर कधी ओरडला नाही. त्यानंतरही तुम्हीच म्हणत राहिला. ऑफिसात माझं टपाल नीट वेळेवर माझ्या टेबलावर येत राहिलं. एकदा तरी त्यांनी मला झापायला हवं होतं. त्यांनी ती सोयसुद्धा मला दिली नाही.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी हार घालून घेतला नाही. मावशींनी सगळ्यांना नावानिशी विचारलं, लेमन, ऑरेंज, जिरा, आणि भाऊंनी आपली बाटली शेवटची फोडली. जाताना ते लाल पाठीचं रजिस्टर माझ्या टेबलावर ठेवलं. वर चिठ्ठी टाचलेली, ‘पुढील योग्य त्या कार्यवाहीसाठी.’ मी ते खणात टाकलं. पुढची दोन वर्षं ते खणातच राहिलं. अशा चिठ्ठ्या लावलेल्या फाइली आमच्या ऑफिसात कशा सडतात हे मला चांगलं ठाऊक होतं, आणि मी त्या कामात तरबेज होतो.

गेल्या महिन्यात भाऊ धुळ्याला वारले. निवृत्तीनंतर ते तिथे मुलीकडे राहत असत. ती कॉलेजात शिकवते. मी भेटायला गेलो तेव्हा तिने विचारलं, की चहा घ्याल, लिंबाचं सरबत घ्याल की साधं पाणी. काहीतरी थंड घ्या, असं म्हणाली नाही. बोलता बोलता तिने रजिस्टराचं विचारलं. मी घाईघाईने सांगितलं, की माझ्याकडे जपून ठेवलंय, एक नाव तेवढं भरायचं राहिलंय, ते मी लिहून टाकतो आणि आणून देतो.

ती म्हणाली, ‘तो शब्द बाबांना पाठ होता, सर. वहीत लिहायला तुमची काय गरज होती? तो तुम्ही तिथे बोलायचा होता.’

रागावून म्हणाली नाही. बापासारखीच. मी सरबत अर्धं टाकून उठलो.

परवाच्या रविवारी मी रजिस्टर पिशवीत घालून गावी गेलो. दुकान भरलेलं होतं. नाना आता ऐंशीच्या घरात आहेत, पण गल्ल्याशी तेच बसतात. मला पाहून त्यांनी आत ये म्हणून हात केला, मधली खुर्चीही रिकामी होती. मी आत गेलो नाही. अंगणात, दाराशी उभा राहिलो आणि आतल्या शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, ‘नाना, एक आंगननी द्या.’

नानांनी फ्रिजकडे पाहिलं नाही, समोरच्या बाटल्यांकडे पाहिलं नाही. त्यांची मान आपोआप दाराच्या डाव्या हाताला वळली, वट्याखाली, जिथे आता काहीच नाही, आणि हातही तिकडे अर्धा गेला. मग त्यांच्या ध्यानात आलं. हात मागे घेतला आणि बसलेल्या गिऱ्हाइकांकडे बघत हळूच म्हणाले, ‘कसाले जुनं उकरी राहिना रे? गिऱ्हाइक बशेल शेतस.’

एका मुलीने विचारलं, काका, आंगननी म्हणजे कोणता फ्लेवर? मी तिला सांगितलं. तिला सांगितलं म्हणजे सगळ्यांनाच सांगितलं. तार सांगितली, पायरी सांगितली, अंगठा सांगितला, काकूची थोबाडीत सांगितली, आणि याच दुकानात मधल्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला मी काय म्हणालो होतो तेही सांगितलं. नाना मान खाली घालून गल्ला पुसत राहिले. नाही म्हणाले नाहीत. दोघं-चौघं बाटल्या तशाच ठेवून निघून गेले, बाकीचे बसून राहिले.

मग मी पायरीवर रजिस्टर उघडलं. अनुक्रमांक एक. दिनांक टाकला. नावाच्या रकान्यात ‘आंगननी’ लिहिलं, अर्थाच्या रकान्यात ‘अंगणात उभं राहून प्यायची’. शेऱ्यातलं पेन्सिलीचं ‘प्रलंबित’ बोटाने पुसलं. त्याखालच्या सगळ्या ओळींत, साऱ्या जगाच्या शेऱ्यात, त्यांच्या अक्षरात ‘नाही’ होतं. पहिल्या ओळीत माझ्या अक्षरात लिहिलं, ‘हो.’ आणि आवक-जावकच्या टेबलाशी ज्यांच्याकडून शिकलो त्यांच्या पद्धतीप्रमाणे पुढे लिहिलं, ‘विलंबाने प्राप्त.’